एका पंपात दोन औषधं

शिवम्माला थायरॉईड नव्हता. पण तो आहे, याविषयी ताडकळसात दुमत नव्हतं.

तीन वर्षांपूर्वी परभणीच्या मानसोपचाराच्या डॉक्टरांनी तिला रोज घ्यायची एक पांढरी गोळी लिहून दिली, तेव्हा तिच्या एकुलत्या एका लेकीचं, ऋतुजाचं, लग्न जुळत आलं होतं. सोयरिकीच्या बाजारात मनाच्या आजाराला काय भाव मिळतो, हे शिवम्माच्या नवऱ्याला, गुरुपादअप्पांना, कुणी सांगायची गरज नव्हती. बी-बियाणं, खतं आणि कीटकनाशकांच्या दुकानात त्यांची हयात गेली होती. आजवर कुठल्याच पाकिटावरचं लेबल न बदललेल्या त्या सचोटीच्या माणसाने एकदाच लेबल बदललं, ते बायकोचं. थायरॉईड हा आजार घरंदाज. तो चारचौघांत सांगता येतो, त्याची गोळी पाहुण्यांसमोर गिळता येते, त्याच्यासाठी कुणी अंगारे-धुपारे करत नाही आणि पोरीच्या सासरचे लोक त्याचा माग काढत आजीच्या माहेरापर्यंत जात नाहीत. ऋतुजा नांदेडला सुखाने नांदू लागली. लेबल मात्र चिकटलं ते चिकटलंच.

खरा आजार निनावी होता आणि अतिशय अदबशीर. त्याने कधी आरडाओरड केली नाही. सकाळ व्हायची, अंगणापर्यंत यायची, उंबऱ्याशी क्षणभर थांबायची आणि शिवम्मापर्यंत न पोहोचताच परत फिरायची. हातातलं लाटणं आणि त्याखालची पोळी यांच्यामध्ये एक अख्खं माळरान पसरायचं. पूजेला बसून तळहातावर इष्टलिंग घेतलं की ते तिला दिसायचं, पण त्याच्याशी बोलायला काही सुचायचं नाही. याचं कारण काय, असं घरातल्या प्रत्येकाने विचारून पाहिलं होतं. कारण नव्हतं, आणि कारणाशिवायचं दुःख म्हणजे आपल्याकडे निव्वळ चैन.

गोळीने ते माळरान हळूहळू आक्रसत नेलं. शिवम्मा आनंदी झाली असं नव्हे. ती पुन्हा शिवम्मा झाली. चहा पांचट झाला तर चिडू लागली, शेजारच्या सुनांवर शेरे मारू लागली, नवऱ्याच्या घोरण्याची नक्कल करू लागली. प्रकृती सुधारल्याची याहून खात्रीची लक्षणं वैद्यकशास्त्रालाही ठाऊक नसावीत.

आणि मग दिवाळीनंतर महांतेश आला, ज्ञान घेऊन.

महांतेश हा गुरुपादअप्पांच्या दिवंगत थोरल्या भावाचा मुलगा. बंगळुरूच्या एका संशोधन संस्थेत त्याने सहा वर्षं उंदरांच्या सहवासात काढली होती आणि त्या सहवासाचं फळ म्हणून त्याला डॉक्टरेट मिळाली होती. पुढची नोकरी लागेपर्यंत तो काकांकडे राहणार होता. गावातला पहिला डॉक्टर, आणि तोही इंजेक्शन न देणारा; ताडकळसाने त्याचा सत्कार ठेवला. महादेवाच्या देवळाच्या सभामंडपात पांढरी चादर ताणली, प्रोजेक्टर लावला. अध्यक्षस्थानी माजी सरपंच माणिकराव होते. गावात कुठेही अध्यक्षस्थान रिकामं राहिलं की माणिकराव तिथे आपोआप उगवत.

महांतेश चांगलं बोलला. मेंदूत एक प्रथिन असतं, तो म्हणाला, ते पेशींना जगवतं, त्यांना नव्या फांद्या फुटायला मदत करतं. ते तयार करायची आज्ञा एका जनुकात लिहिलेली असते. माणसावर फार ताण पडला, लहानपणी आबाळ झाली, की त्या जनुकावर मिथाइलचे बारीक ठिपके बसू शकतात. आज्ञा पुसली जात नाही, नुसती झाकली जाते. जनुक गप्प बसतं, प्रथिन कमी पडतं. आणि नैराश्यासारख्या आजारांशी या गप्प बसण्याचा काही संबंध असावा, असं आता दिसू लागलं आहे.

शेवटच्या रांगेत, बायकांच्या बाजूला बसलेल्या शिवम्माने पदर सावरला. आयुष्यात पहिल्यांदाच कुणीतरी तिच्या माळरानाचा नकाशा भिंतीवर लावला होता.

"पण हे ठिपके कायमचे नसतात," महांतेश म्हणाला आणि चादरीवर दोन पिंजरे उमटले. एक साधा, त्यात उदास उंदीर. दुसरा समृद्ध, त्यात खेळणी, सोबती, पळायला चाक. "या दुसऱ्या पिंजऱ्यातल्या उंदरांच्या मेंदूत ते प्रथिन वाढलेलं आढळतं."

टाळ्या पडल्या. पुढची स्लाइड औषधांची होती. महांतेशने बटण दाबलं आणि त्याच क्षणी वीज गेली.

"अजून एक महत्त्वाचा मुद्दा..." अंधारात त्याचा आवाज आला. पण तोवर माणिकराव उभे राहिले होते, आणि माणिकरावांना बोलायला वीज लागत नसे.

"मंडळी, आपल्या महांतेशनं काय सांगितलं? चांगलं घर दिलं तर उंदीर बी सुधारतो. मंग माणसानं कामून सुधारू नये? खुश ऱ्हावा, पळत ऱ्हावा! गोळ्या-औषधाचं काम न्हाई!"

सभामंडप दणाणला. महांतेशच्या खांद्यावर शाल होती, हातात नारळ होता. आणि हातात नारळ असलेल्या माणसाला सत्काराच्या अध्यक्षांचं म्हणणं खोडून काढता येत नाही. तो हसला. सहा वर्षांत उंदरांनी त्याच्यासाठी एकदाही टाळ्या वाजवल्या नव्हत्या.

जेवताना गुरुपादअप्पांनी विषय काढला, तो त्यांच्या मते फार मुत्सद्दीपणाने.

"महांतेश, मव्हं एक गिऱ्हाईक हाय. जिंतूरकडलं. त्याच्या बायकूला ते तू सांगितलं तसलंच हाय. गोळी चालू हाय तिला. तर ते ठिपके निघतील का रे?"

शिवम्मा भाकरी वाढत होती. तिचा हात ताटावर अधांतरी राहिला. महांतेशलाही काकूचा थायरॉईडच माहीत होता.

"तत्त्वतः निघू शकतात, काका. वातावरण बदललं की बरंच काही बदलतं."

"म्हंजे निघत्यात."

"उंदरांत तरी तसं दिसतं."

"आन् मिथाइल म्हंजे?" अप्पांचा आवाज उतरला. "आमच्या दुकानात मागं एक औषध यायचं, त्याच्या नावात व्हतं ते."

"छे हो काका, ते विष. हा नुसता अणूंचा एक लहानसा गट, आपल्या शरीरातलाच," महांतेश हसून म्हणाला आणि कार्बन-हायड्रोजनबद्दल सांगू लागला. अप्पांचं लक्ष नव्हतं. त्यांनी डाव्या हाताची बाही हळूच नाकाशी नेली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी फडताळातून शिवम्माच्या गोळ्यांची पाकिटं काढून घेतली.

"आजपासनं बंद."

"डॉक्टरास्नी इचारलं का?"

"महांतेश डॉक्टरच हाय की."

"उंदराचा."

"अगं, त्यानंच सांगितलं न्हवं, वातावरण बदललं की ठिपके निघत्यात? आता घरातलं वातावरणच असं करतो, का बगत ऱ्हा."

"मंग करा की. गोळी बी घेते, वातावरण बी घेते."

गुरुपादअप्पांनी तिच्याकडे अशा नजरेने पाहिलं, जणू एखाद्या नवख्या शेतकऱ्याने काउंटरवर दोन बाटल्या एकदम ठेवल्या होत्या. "शिवम्मा, एका पंपात दोन औषधं मिसळायची न्हाईत."

हे त्यांच्या दुकानाचं वेदवाक्य होतं. फवारणीच्या पंपात दोन औषधं एकत्र ओतली की मिश्रण दुधासारखं फाटतं, पानं करपतात, आणि कशाने गुण आला, कशाने घात झाला याचा पत्ता लागत नाही. पहिल्या फवारणीचा अंमल उतरू द्यायचा, मगच दुसरी घ्यायची. या एका नियमावर त्यांनी पंचक्रोशीतला किती कापूस वाचवला होता, त्याला गणती नव्हती. नियम अगदी बरोबर होता. फक्त रान चुकलं होतं.

शिवम्माने ऐकलं, ते नियम पटला म्हणून नव्हे, नवऱ्यासाठी. तीन वर्षं जो माणूस तिच्याकडे चोरून, अपराध्यासारखा बघत आला होता, त्याच्या चेहऱ्यावर त्या सकाळी पेरणीच्या दिवसांतलं तेज होतं. ते विझवायचं पाप कुणी करावं? शिवाय रोज रात्री पाण्याच्या घोटाबरोबर एक खोटंही गिळायला लागत होतं. ते तरी सुटेल, असं तिला वाटून गेलं. पाकिटं दुकानात गेली आणि काचेच्या कपाटात, तणनाशकांच्या वरच्या कप्प्यात, कुलपात बसली.

समृद्ध पिंजऱ्याचं काम ताबडतोब हाती घेण्यात आलं.

चाक म्हणून पूर्णेच्या एका निवृत्त रेल्वेवाल्याकडून जुना ट्रेडमिल आणला. तो खताच्या पोत्यांबरोबर टेम्पोतून आला आणि दुकानामागच्या गोदामात, हरभऱ्याच्या बियाण्याशेजारी, स्थानापन्न झाला. गावात दिवसाची वीज येई-जाई. त्यामुळे शेतातल्या मोटारी आणि शिवम्मा एकाच वेळी चालू होत, एकाच वेळी बंद पडत. वीज आली की अप्पा दुकानातून ओरडत, "आली गं!" आणि काठापदराचं लुगडं वर खोचून शिवम्मा त्या पट्ट्यावर चालू लागे. कितीही चाललं तरी समोर हरभऱ्याची पोतीच.

सोबती म्हणून शेजारणी नेमल्या. सकाळी सुलाबाई, दुपारी चांगुणाबाई. त्यांना सांगितलं, थायरॉईडवर गोळीशिवायचा नवा इलाज चाललाय, बाईला एकटं सोडायचं नाही, हसतं ठेवायचं. सुलाबाई ट्रॅक्टरवाल्याची बायको, जात्याच खळखळून हसणारी. तिला निमित्त लागत नसे. चांगुणाबाईचा हसण्याशी फारसा परिचय नव्हता, पण दुसऱ्याच्या घरात रोज दुपारी हक्काने बसायला मिळतं म्हटल्यावर तिने जिम्मा आनंदाने घेतला. खेळणी म्हणून ओसरीत झोपाळा आला, आणि लव्हबर्ड पक्ष्यांची एक जोडी. पक्षी पिंजऱ्यात होते. पिंजऱ्यात पिंजरा ठेवण्याची ही कल्पना बंगळुरूलाही सुचली नव्हती.

घरात भांडणाला बंदी झाली. रडक्या मालिकांना बंदी झाली. शिवम्माने भाजीत मीठ जास्त घातलं तरी "वा" म्हणायचं, असं ठरलं. येता-जाता अप्पा विचारत, "कसं वाटायलंय?" आणि उत्तराची वाट बघताना त्यांची नजर तिच्या चेहऱ्यावर अशी फिरे, जणू कपाशीचं पान उलटून माव्याची कीड शोधावी. या साऱ्यात शिवम्माला मनापासून आवडलेली एकच गोष्ट होती, आणि ती कार्यक्रमात नव्हती. अप्पा आता दुकानातून आले की आधी न्हाणीघरात जात, घसाघसा साबण लावून आंघोळ करत, कपडे बदलत, आणि मगच तिच्याजवळ येऊन बसत. का, ते त्यांनी सांगितलं नाही. तिनेही विचारलं नाही. पहिल्यांदाच त्यांच्या अंगाला औषधांचा वास नसे.

पहिल्या आठवड्यात मान वळवली की डोक्यात बारीकशी वीज चमकून जाऊ लागली. मग झोप उडाली. महिना सरला आणि एके दिवशी, काहीही न घडता, सकाळ पुन्हा उंबऱ्याशी थांबली.

शिवम्माने तिला ओळखलं. जुन्या सावकारासारखी ती दारात उभी होती, घाई नसलेली. पण या वेळी एक नवी अडचण होती. मागे निदान खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडता यायचं. आता भिंत मिळत नव्हती. समोर सुलाबाई हसत होती, पलीकडे झोपाळा कुरकुरत होता, पक्षी किलबिलत होते, नवरा पान उलटून बघत होता. एवढ्या लोकांच्या मेहनतीवर पाणी कसं ओतायचं? म्हणून ती हसायची. झाडलोट, धुणी, भांडी आणि हसणं. ते आता घरकामातच धरलं गेलं होतं.

"बग, काय फरक पडलाय!" अप्पा महांतेशला सांगत. महांतेशही खूश होता. काकूचा थायरॉईड व्यायामाने सुधारतोय, ही गोष्ट त्याच्या विषयाबाहेरची असली तरी त्याच्या भाषणाचं यश होती, आणि आपल्या विषयाबाहेरच्या यशाकडे विद्वान माणूस सहसा फार खोलात जाऊन पाहत नाही.

एका दुपारी तो गोदामात आला, तेव्हा वीज गेलेली होती आणि शिवम्मा बंद पट्ट्यावर तशीच उभी होती, दांडीला धरून.

"काकू, उतरा की. बंद पडलंय."

"हो का? माझ्या ध्यानात न्हाई आलं." ती उतरली नाही. "महांतेश, तुझ्या त्या उंदरास्नी पिंजऱ्यात पाहुणे येतात का रे?"

"पाहुणे?"

"म्हंजे, कसं वाटायलंय म्हणून कुणी इचारतं का त्यांला?"

तो हसला. "उंदरांना कोण विचारणार?"

"मंग ते खुश हायत, ठिपके निघाले, हे कळतं कसं?"

महांतेश जरा घुटमळला. "शेवटी मेंदू काढून तपासावा लागतो, काकू."

"मारून?"

"...हो."

"मंग मव्हं कसं कळंल तुला?" शिवम्मा म्हणाली.

शब्द शांत होते, त्यांना धारही नव्हती. मग तिने सांगितलं. जिंतूरकडलं गिऱ्हाईक कोण, गोळी कसली, बंद कधी झाली आणि कुणाच्या शब्दावर. महांतेशचा चेहरा सत्काराच्या चादरीसारखा पांढरा होत गेला.

"अशी एकदम बंद? काकू, असं करायचं नसतं! डॉक्टर हळूहळू... आणि मी गोळ्या सोडा असं म्हटलंच नव्हतं! उलट, गोळीसुद्धा त्याच प्रथिनावर काम करते, असं काही प्रयोगांत दिसलंय. उंदरांत. माझी पुढची स्लाइडच ती होती."

"मंग दाखवली का न्हाईस?"

"लाइट गेली."

शिवम्माला हसू आलं. त्या महिन्यातलं हे पहिलं घरकामाबाहेरचं हसू होतं. "आन् तोंड बी गेलं व्हतं का?"

महांतेशने मान खाली घातली. काकांशी आजच बोलतो, म्हणाला. संध्याकाळी तो काकांसमोर बसलाही. काका त्याला सांगत होते, की पुतण्या असावा तर असा, सात जन्मांचे उपकार केलेस. महांतेशने दोनदा घसा खाकरला. मग म्हणाला, थोडे संदर्भ तपासून उद्या सविस्तर बोलतो. संदर्भ तपासायला त्याने जे दार लावून घेतलं, ते पुढे जेवणापुरतंच उघडत राहिलं.

गोष्ट इथेच रेंगाळली असती. शिवम्मा हसत राहिली असती आणि एके दिवशी हसता-हसताच तिने काय केलं असतं, हे तिलाही सांगता आलं नसतं. विहिरीच्या कठड्याकडे हल्ली तिची नजर जरा जास्त वेळ राहू लागली होती. पण खोटं हे तणासारखं असतं. ते लावणाऱ्याच्या वावरातच राहत नाही.

दोन-तीन दिवसांनी सुलाबाई आली ती भिंतीला धरत. थंडीचे दिवस खरे, पण भर उन्हात तिने अंगावर घोंगडी घेतली होती. चेहरा सुजलेला, डोळ्यांखाली पिशव्या, बोलणं जड. नेहमीची ती खळखळ कुठे आटली कोण जाणे. झोपाळ्यावर बसली आणि बसल्या बसल्या पेंगू लागली. त्या दिवशी चांगुणाबाईही लवकरच येऊन ठेपली होती.

"काय गं सुले, काय झालं तुला?" शिवम्माने तिला हलवलं.

"काय न्हाई, वैनी. जरा आंग जड पडलंय. सुस्ती यायली. मव्ही बी निघायली वाटतं बिमारी."

"निघायली म्हंजे?"

"म्या बी सोडली की गोळी!" सुलाबाई सुजल्या ओठांनी हसली. "धा वर्सं झाली थायरॉईडची गोळी खायलेय. तुमचा बगा, कसा पळाला! म्हणलं, आपला का पळू नये? बांधावरनं चकरा मारते, हसते. तुमची बंद झाली त्याच आठवड्यात म्या बी बंद केली. मालकास्नी बी सांगितलं न्हाई."

"लय अकलेचं काम केलंस," चांगुणाबाई म्हणाली. "म्या तर म्हणते, समद्या गोळ्या..."

"गप बस गं चांगुणे!"

पक्षीसुद्धा थांबले. तीन वर्षांत शिवम्माचा आवाज कुणी एवढा मोठा ऐकला नव्हता. खुद्द शिवम्मानेही नाही. तो आवाज कुठून आला, हे तिला कळेना. समोर झोपाळ्यावर तिचं स्वतःचं खोटं घोंगडी पांघरून बसलं होतं, सुजलेलं, आणि तिच्याकडे विश्वासाने बघून हसत होतं. ओसरीच्या दाराशी अप्पा येऊन उभे राहिले होते, आंघोळ करून, हातात पक्ष्यांच्या दाण्याची पुडी. त्यांनी डोळ्यांनीच खुणावलं, नको. ते तिने पाहिलं.

"सुलाबाई, तुझी गोळी आजच चालू कर. आन् उद्या डॉक्टरला दाखव."

"पर तुमचा थायरॉईड तर..."

"मला थायरॉईड न्हाई."

"तेच म्हणायलेय की, बरा झाला."

"बरा न्हाई झाला. नव्हताच कदी." शिवम्माने श्वास घेतला. "मव्ही गोळी मनाची व्हती. परभणीच्या मनाच्या डॉक्टरची. ती बंद केली, तवापासनं पुन्हा तसंच व्हायलंय. रात्र-रात्र डोळा लागत न्हाई. तुमच्यासमोर जे हसते न्हवं, ते समदं लटकं हाय."

मग चांगुणाबाईने कपबशी खाली ठेवली आणि पहिला प्रश्न विचारला. "ऋतुजाच्या सासरी ठावं हाय का हे?"

"आता व्हईल," शिवम्मा म्हणाली. "तू हायस की."

चांगुणाबाईने तोंड उघडलं आणि पुन्हा मिटलं. तिच्या सबंध कारकिर्दीत असं फारसं घडलं नव्हतं. सुलाबाई मात्र झोपाळ्यावरून उठली, जड पावलांनी शिवम्माजवळ आली आणि तिचा हात आपल्या थंड हातात घेऊन नुसती उभी राहिली.

"शिवम्मा," दारातून अप्पा म्हणाले. "म्या तुझ्या चांगल्यासाठीच..."

"ठावं हाय मला. तुमचं पंपाचं बी बरोबर हाय." ती त्यांच्याकडे वळली. "पर म्या कापूस न्हाई हो."

गुरुपादअप्पांनी दाण्याची पुडी पक्ष्यांच्या पिंजऱ्यावर ठेवली आणि चप्पल न घालता दुकानात गेले. परतले तेव्हा हातात ती पाकिटं होती. देताना, अंगवळणी पडलेल्या सवयीने, त्यांनी एक पाकीट उलटं करून उजेडाकडे धरलं आणि मागची तारीख वाचली.

"मुदत हाय आणखी," ते म्हणाले. आणि तोंड फिरवून उभे राहिले.

शिवम्माने पाकिटं पदरात घेतली. "ऱ्हाऊ द्या. आता डॉक्टर सांगतील तशी घेते. उद्या परभणीला जायचं."

"मीही येतो, काकू," आतल्या खोलीतून महांतेशचा आवाज आला. दार उघडलं होतं. "डॉक्टरांना मी सगळं नीट समजावून..."

"ये. पर बोलू नको."

सकाळच्या एसटीला चौघं निघाली. हरभऱ्याच्या फवारणीचे दिवस असूनही गुरुपादअप्पांनी दुकानाचं शटर खाली ओढलं होतं. याआधी ते ऋतुजाच्या लग्नातच दिवसभर बंद राहिलं होतं. अप्पा आणि महांतेश पुढच्या बाकावर बसले, पाठमोरे. मागे शिवम्मा, आणि तिच्या खांद्यावर डोकं टेकून पेंगणारी सुलाबाई.

गाडी हलणार एवढ्यात कंडक्टर ओरडला आणि दारातून ठेवणीतलं लुगडं नेसलेली चांगुणाबाई वर चढली, हातात कापडी पिशवी.

"तू कुठं गं?" शिवम्माने विचारलं.

"ॲसिडिटीचं दाखवायचंय जरा," चांगुणाबाई म्हणाली आणि शेजारच्या बाकावर ऐसपैस बसली.

शिवम्मा खिडकीकडे वळली. वेचणी झालेल्या कापसाच्या पळाट्या बाहेर उभ्या होत्या, कोरड्या, काळपट. मधूनच एखाद्या बोंडात विसरलेला कापूस. ऊन वर येत होतं. ते तिच्यापर्यंत पोहोचत नव्हतं अजून. पण खिडकीच्या काचेपर्यंत आलेलं तिला दिसत होतं, आणि पोहोचायला वेळ लागतो, हे तिला माहीत होतं.

बराच रस्ता मागे पडला. चांगुणाबाईने पिशवीच्या बंदाला पीळ घातला, मग तो उलगडला. समोर बघतच, इतर कुणाला ऐकू जाणार नाही अशा बेताने, ती म्हणाली, "वैनी, तुमचे ते डॉक्टर... ॲसिडिटीचं बी बगत्यात का?"

शिवम्माने तिच्याकडे पाहिलं नाही. पुढच्या बाकावर अप्पांची मान किंचित ताठ झालेली मात्र तिला दिसली.

"बगत्यात की," ती म्हणाली. "लय बायकांची बगत्यात."